नाक धुवायला सास्तूरला

माझ्या नातवाला नोकरी लागली आणि त्यानं स्वतःसाठी पहिली वस्तू कोणती आणली, तर पुरुषांनी लावायच्या सेंटची बाटली. काळी, चौकोनी, वर लाकडाचं टोपण. घरात आल्या आल्या त्यानं मनगटावर फुस्सकन फवारा मारला, हात माझ्या नाकाशी आणला आणि म्हणाला, "सांगा दादी, कसा आहे? दुकानदार म्हणाला, कोरडा आहे. लाकडाचा आणि मसाल्याचा वास."

"उद्या सांगते," मी म्हटलं. "आज हाच शर्ट घालून दिवसभर हिंड. घाम येऊ दे. संध्याकाळी शर्ट काढलास की माझ्या खाटेवर आणून टाक."

"शर्ट कशाला? हात हुंगा की."

"हात हुंगून निकाल देतात ते विकणारे. मी विकत होते तेव्हा मीही तेच करत होते. घेणाऱ्यानं शर्ट हुंगावा."

पोरगं हसत निघून गेलं. म्हातारीला खूळ लागलेलं दिसतंय, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. संध्याकाळी मात्र शर्ट आणून टाकला. त्याचा निकाल सांगतेच, पण असले निकाल द्यायचा अधिकार मला कुठून आला, ते आधी सांगायला हवं. दिवाळी अंकवाल्यांनीही तेच विचारलंय.

मी अत्तरवाली. निजामाच्या अमदानीत उस्मानाबादेत माझ्या सासऱ्यांची अत्तराची भट्टी होती. खेड्यातली माणसं गावाला तेव्हाही धाराशिवच म्हणत. पुढं दुकान, मागं घर आणि परसात भट्टी. पुरुष दुकानात बसत आणि घरातली एक बाई अत्तराची पेटी घेऊन बायकांकडं जाई. मुसलमान घरांतल्या पडद्यातही जाई आणि देशमुख-पाटलांच्या माजघरातही. आधी सासूबाई जात. त्यांचे गुडघे गेल्यावर पेटी माझ्या काखेत आली आणि जन्मभर तिथंच राहिली. सासरची माणसं आपसांत दखनी बोलत. मी सास्तूरच्या मुसलमान शेतकरी घरातली, माझी जीभ मराठीवर वाढलेली, म्हणून माझ्याशी बोलताना ती मराठीवर येत. हे मला तेव्हा साधं वाटे. आता वाटतं, नव्या सुनेसाठी अख्ख्या घरानं जीभ वळवणं काही साधं नव्हतं.

अत्तर कसं काढतात हे बाहेरच्या माणसाला थोडक्यात सांगते. फूल, मूळ, लाकूड, जे काय असेल ते पाण्यात घालून तांब्याच्या मोठ्या भांड्यात उकळायचं. त्या भांड्याला डेग म्हणतात. डेगीचं तोंड मातीनं लिंपायचं आणि वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात उतरवायची. त्या भांड्यात चंदनाचं तेल असतं. वाफ थंड झाली की वास तेलात राहतो आणि पाणी खालून काढून टाकतात. सांगायला एवढंच आहे. करायला आयुष्य जातं, कारण आच किती ठेवायची हे कुणी सांगू शकत नाही, भांड्याला हात लावून ओळखावं लागतं.

बायकांची अत्तरं विकायला सोपी. मोगरा, गुलाब, केवडा. अत्तराचा कापसाचा फाया नाकाशी नेला की काम झालं. पुरुषांचं अत्तर मात्र नाकी नऊ आणतं. पुरुषाच्या अंगाला घामाचा, तंबाखूचा, बैलाचा, नव्या जोड्याचा वास आधीच असतो. त्यावर गोड अत्तर ओतलं की दुपारपर्यंत ते आंबतं. आमच्या गल्लीत एक शाळामास्तर होते, ते हट्टानं गुलाब लावत. त्यांची बायको मला म्हणाली होती, "दुपारी घरी आले की वाटतंय, कुणीतरी गुलकंदात पाय बुडवून आलंय." म्हणून पुरुषाला कोरडा वास लागतो. खस, नागरमोथा, देवदार आणि त्यावर बेतानं लवंग, मिरी, जायपत्री. असा वास घामाशी भांडत नाही, त्याच्या शेजारी गुमान बसतो.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नग. एका तालमीतला पैलवान असं अत्तर मागायला आला की ते लावल्यावर समोरच्याची पाचावर धारण बसावी. एका वकिलांना हाकिमाला आवडेल असा वास हवा होता. माझे सासरे त्यांना शांतपणे म्हणाले, "हाकीमसाहेबांना सर्दी हाय. तुम्ही आपलं तोंडानंच बोला." वकील रागावून गेले आणि दुसऱ्या दिवशी निमूट खस घेऊन गेले.

सासऱ्यांना सगळे अब्बा म्हणत, गिऱ्हाइकंसुद्धा. उंच, सडपातळ आणि नाकाचा भारी अभिमान. गावात कुणी अत्तर आणलं की ते खरं का खोटं हे अब्बांकडून ठरवून घेत. सासूबाई अम्मा. त्या बुटक्या, गोल आणि अब्बांना न भिणाऱ्या घरातल्या एकट्याच. माझे यजमान भट्टीवर असत. बोलणं कमी. माणसांशी बोलत नसत ते सगळं डेगीशी बोलत. डेग ठोकून बघत, तिच्यावर हात फिरवत, लिंपलेल्या मातीला भेग पडली तर लेकराला खरचटल्यासारखे हळहळत.

जर्मनची लढाई सुरू झाली आणि चंदनाचं तेल मिळेनासं झालं. लांबून येणारा माल, कधी आला कधी नाही. त्यातच येडशीकडच्या एका देशमुखांनी आमचं पुरुषांचं अत्तर परत पाठवलं. "मिठाईचा वास येतोय," एवढाच निरोप. देशमुखांच्या घराकडं बघून बाकीची घरं अत्तर घ्यायची, त्यामुळं दुकान ओस पडायला लागलं. नंतर देशमुखांच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. लग्नात आलेल्या पुरुषमाणसांच्या हाताला लावायचं अत्तर ठरवायचं होतं. अब्बा स्वतः गेले आणि "एकदा अजून बघा," म्हणून शब्द टाकून आले. देशमुख म्हणाले होते, "मला उन्हाळ्यातलं रान कसं वासतंय, तसलं पाहिजे. गोड लागलं तर पुन्यांदा पायरी चढू नका."

घरी आल्यावर अब्बांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, "ह्ये शेवटचं. ह्ये परत आलं तर डेग तांबटाला देऊन टाकीन. मग सोलापूरची गिरणी हायच."

गिरणीचं नाव निघालं आणि ह्यांचा चेहरा उतरला. कापसाची धूळ नाकात गेली की अत्तराचा माणूस संपतो, हे सगळ्यांनाच माहीत होतं. मी तेव्हा पोटुशी होते. दुसऱ्याच दिवशी माझा भाऊ न्यायला आला आणि मी बाळंतपणाला सास्तूरला गेले. जाताना वळून बघितलं तर हे परसात डेगीपाशी उभे होते. ही डेग मोडीत गेली तर या माणसाचं काय होईल, हाच घोर मी माहेरी घेऊन गेले.

मला मुलगी झाली. चिल्ला उरकून, म्हणजे बाळंतिणीचे दिवस भरून, मी परत निघाले. लोहाऱ्यापर्यंत बैलगाडी, पुढं सर्व्हिस मोटार. मोटारीतून उतरून भावाबरोबर आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले आणि थबकले. लवंग! दाढ दुखल्यावर वैद्य लावतो तशी झणझणीत लवंग, मागं मिरी आणि तिच्या मागं जायपत्री. लाकडाचा कुठं मागमूस नाही. कुशीतली मुलगी शिंकली. पाठोपाठ भाऊ शिंकला.

घरात पाऊल टाकलं तर सगळे खुशीत. ह्यांचे डोळे चमकत होते. मुलीला बघून झालं, दृष्ट काढून झाली आणि अब्बांनी लगेच फाया पुढं केला. "बघ पोरी. जमलं. आधी लई मिळमिळीत येत होतं. रोज थोडा थोडा मसाला चढवत गेलो. आता कुठं बोलायला लागलंय."

मी पदर नाकाला लावला आणि मान हलवली. नवी सून, त्यात पहिली मुलगी घेऊन आलेली. बोलणार काय?

पण माझ्या लक्षात आलं होतं. आमच्या धंद्यात नाक थकतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून दोन अत्तरांच्या मध्ये पारखी स्वतःच्या कोपराची आतली बाजू हुंगतो, म्हणजे नाक ताळ्यावर येतं. इथं मात्र रोज लवंगा उकळून सगळं घरच त्या वासात बुडालं होतं. उशा बुडाल्या, भाकरी बुडाली, कोपरही बुडाला. मसाला होताच, तो यांच्या नाकाला कळेनासा झाला होता. वास कमी वाटला की वाढवायचा, वाढवला की नाक आणखी बधिर व्हायचं. शेजाऱ्यांना विचारून उपयोग नव्हता, तेही तीच हवा खात होते. असली चूक अत्तराच्या घरातच होऊ शकते, कारण दुसऱ्या कुठल्या घरात एवढ्या लवंगा उकळणार कोण?

दुपारी परसात बाळोती वाळत घालताना मी ह्यांना म्हटलं, "ऐका की. वास लई तिखट झालाय. गल्लीच्या तोंडापासून लवंग येतीया."

"काय बोलतीस? मला नाकाला लावल्याबिगर येत न्हाय."

"म्हणूनच म्हणतीया. तुम्हाला येत न्हाय. देशमुखांना येईल."

त्यांनी डेगीवर हात फिरवला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "म्या किती खपलोय ह्याच्यावर, तुला ठाव न्हाय. आता अब्बांना सांगणार कोण? मला तर चांगलंच वाटतंय. खोटं कसं बोलू?"

खरंच होतं ते. ज्याला वास येत नाही त्यानं तो येतो म्हणून कसं सांगावं? सांगू शकेल अशी घरात मी एकटीच होते आणि माझीच बोबडी वळली होती. देशमुखांकडं अत्तर न्यायचा दिवस जवळ आला होता.

अम्मांनी मला सोडवलं. त्यांनी माझा पदर पाहिला होता. दुपारच्या जेवणानंतर अब्बा पान लावत बसले होते, तेव्हा त्या सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, "का गं, आल्यापास्नं नाक झाकून हिंडतीस. आमी वासतोय व्हय?"

आता मागं फिरणं नव्हतं. मी मुलीला घट्ट धरलं आणि म्हटलं, "अब्बा, राग मानू नका. लवंग लई झालीया. लाकूड बुडालंय तिच्यात. लेकरू गल्लीच्या तोंडाशीच शिंकलं."

पानाचा हात थांबला. "माझं नाक खोटं बोलतंय म्हणतीस?"

"तिचं नाक सास्तूरहून आलंय," अम्मा म्हणाल्या. "तुमचं उंबऱ्याभाईर गेलंय कुठं?"

अब्बा उठले. खुंटीवरची शेरवानी अंगात चढवली, काठी घेतली आणि घराबाहेर पडले. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी जमिनीकडं. सुनेनं सासऱ्याला घराबाहेर काढलं, असं गल्लीत झालं असणार. मी रडायला लागले. अम्मा मुलीला मांडीवर घेत म्हणाल्या, "रडू नगं. ते रुसून जात न्हाईत. रुसले की घरातच बसून छळतात."

अब्बा गेले होते तेरला. तिथं तेरणेच्या काठचा नागरमोथा खणून आम्हाला देणारा नारबा नावाचा शेतकरी होता, त्यांचा जुना दोस्त. त्याच्या शेतात ते राहिले. गोठ्यात झोपले, नदीवर आंघोळ केली, पिठलं-भाकरी खाल्ली. अंगावरचे कपडे नारबाच्या कारभारणीकडून साध्या पाण्यात धुऊन घेतले. हे सगळं नंतर नारबानंच आम्हाला हसत हसत सांगितलं.

परतले तेव्हा मी दारातल्या बांबूच्या काड्यांच्या चिकाच्या पडद्याआड उभी होते, म्हणून ते मला दिसले. गल्लीच्या तोंडाशी आले आणि थांबले. तेल्याच्या दारातल्या दगडावर बसले. टोपी काढली, तोंड पुसलं, पुन्हा एकदा नाक वर करून वास घेतला. मग उठले, घरात आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"पोरी, तू खरं बोललीस," ते म्हणाले. "म्या माझ्याच गल्लीत शिंकलो."

एवढ्या अभिमानी माणसानं एवढं वाक्य बोलावं! त्यांना काय करता आलं नसतं? मला गप्प बसवता आलं असतं, आणि माझी काही तक्रार नसती. त्याऐवजी स्वतःचं नाक धुऊन येऊन त्यांनी माझं म्हणणं तपासलं. पुढं जन्मभर मला कुणी काही सांगितलं आणि ते मला पटलं नाही, की मी आधी उठून जरा बाहेर जाऊन येते. ही सवय त्यांची.

पण अत्तराचं काय करायचं? मसाला आत घालता येतो, काढता येत नाही. एकच इलाज होता. या तिखट अत्तराचा थोडासा भाग मसाला म्हणून धरायचा आणि तो खस, नागरमोथा, देवदारात मुरवायचा. मुरवायला चंदनाचं तेल हवं, घरात होतं ते या तिखट अत्तरात संपलं होतं आणि बाहेर कुठं मिळत नव्हतं. हे डोकं धरून बसले.

अम्मा उठल्या. आपल्या ट्रंकेतून त्यांनी एक चामड्याची कुप्पी काढली. जुनं अत्तर आणि तेल अशा कुप्पीतच ठेवतात. तिच्यात जुनं चंदनाचं तेल होतं, त्यांच्या लग्नातलं. ते कशासाठी राखलंय हे घरात सगळ्यांना माहीत होतं. अम्मांच्या कफनाला लावायचं म्हणून.

"त्ये नगं," अब्बा म्हणाले. "त्ये तुझं हाय."

"मेल्यावर मला वास थोडाच येणारय? जित्या माणसाच्या अंगाला लागू द्या."

अम्मांनी स्वतःच्या हातानं कुप्पीचं बूच काढलं. हे लिहितानाही माझे डोळे भरून येतात आणि त्याची मला लाज वाटत नाही.

नव्यानं डेग लागली. मला पाहुण्यांच्या घरी, गावाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं होतं, नाक ताजं राहावं म्हणून. रोज एकदा येऊन मी फाया हुंगायची आणि सांगायची, "लाकूड पुढं आलं," "मिरी मागं गेली," "आता हात लावू नका." आधी सुक्या लाकडाचा वास, ऊन लागलेल्या फळीसारखा. मग जरा मातीकडं झुकणारा नागरमोथा. आणि तुम्ही विसरून गेलात की मागून हळूच लवंग. गोडवा म्हणाल तर नाही.

देशमुखांकडं मी आणि हे गेलो. अम्मांच्यानं गाडीत बसवत नव्हतं, म्हणून पेटी पहिल्यांदा माझ्या हातात आली. हे ओसरीवर, मी माजघरात. देशमुखांच्या बायकोला सगळे बाईसाहेब म्हणत. देशमुखांनी अंगरख्याला अत्तर लावून घेतलं आणि ते घोड्यावर बसून रानात निघून गेले. मी बाईसाहेबांना म्हटलं, "एक मागणं हाय. उद्या अंगरखा धुण्याला टाकायच्या आधी एकवार हुंगून बघा. पुरुषांचं अत्तर लावल्यावर कळत न्हाय, काढल्यावर कळतंय."

बाईसाहेब गालातल्या गालात हसल्या. "असलं कुणी सांगितलं न्हवतं बाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही निकाल ऐकायला गेलो. मी आत बाईसाहेबांपाशी बसले होते. ओसरीवरून देशमुखांचा आवाज आला.

"लावलं तवा आला वास. मग गेला. दिसभर काय बी आलं न्हाय. असलं पाण्यावाणी अत्तर पाव्हण्यांच्या हाताला लावू व्हय? घेऊन जा."

माझ्या डोळ्यांपुढं डेग तांबटाच्या दारात आडवी पडलेली दिसली. आणि बोलावं कसं? देशमुखांची चूक तीच होती, अब्बांची होती ती. दिवसभर अंगाला वास घेऊन हिंडले, नाक सरावलं आणि वाटलं, वासच नाही. पण देशमुखांना तेरला जाऊन नारबाच्या गोठ्यात झोपा, असं सांगणार कोण?

बाईसाहेब उठल्या. माजघराच्या दारापर्यंत गेल्या आणि दाराआडून म्हणाल्या, "ऐकलं का? ते अत्तर माघारी धाडू नका."

"मला तर वासच येईना."

"तुम्हाला येऊन काय करायचंय? तुम्ही काय सोताला हुंगत बसता व्हय?" ओसरीवरची माणसं हसली असावीत. मग बाईसाहेब आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "कालचा अंगरखा म्या धुण्याला टाकलाच न्हाय."

मग देशमुख खाकरले आणि म्हणाले, "बरं. राहू द्या अत्तर."

अत्तरावर आजवर मी पुष्कळ बोलणी ऐकली. लोक नाक वर करून, डोळे मिटून, मोठमोठे शब्द वापरून बोलतात. धुण्याला टाकलाच न्हाय, याच्यापुढं जाणारं कौतुक मात्र पुन्हा कानावर आलं नाही. परतीच्या गाडीत हे वाटभर बोलत होते. लग्न झाल्यापासून एवढे बोलले नव्हते.

डेग राहिली. त्या लग्नानंतर पुरुषांचं अत्तर म्हटलं की लोक आमच्याकडं येऊ लागले. पुढं निजामाचं राज्य गेलं. तेव्हाचे दिवस वाईट होते, कुणाकुणासाठी किती वाईट ते मी इथं लिहीत नाही. आमच्या गल्लीतली दारं दिवसाही बंद असत आणि पेटी कोपऱ्यात पडून होती. अशात एका सकाळी देशमुखांची गाडी आमच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि गाडीवान सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "अत्तरवाल्या बाईंना बाईसाहेबांनी बोलावलंय! पेटी घेऊन चला!" बाईसाहेबांना त्या दिवशी अत्तर नको होतं. आमच्या दाराशी त्यांची गाडी उभी राहिलेली लोकांना दिसायला हवी होती. मी भर रस्त्यानं त्या गाडीतून गेले आणि परत आले. त्यानंतर आमच्या दाराकडं कुणी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. त्या बाईंचे उपकार मी कोणत्या अत्तरानं फेडणार होते?

आणि मला मिळालं ते वेगळंच. मोठी डेग लागायची झाली की अब्बा म्हणत, "हिला सास्तूरला पोचवा. नाक धुऊन येऊ दे." गल्लीतल्या सुनांना माहेरी जायला सणवार, आजारपण, नाहीतर भांडण लागे. मला नागरमोथा पुरे. पहिल्यांदा अशी अवचित गेले तेव्हा माझे वडील घाबरले. "काय गं, भांडून आलीस व्हय?" म्हटलं, "न्हाय, नाक धुवायला आलीया." त्यांनी भावाकडं पाहिलं. पोरीच्या डोक्यावर काही परिणाम झाला की काय, असं ते बघणं होतं. नंतर त्यांनाही सवय झाली. त्या घरात ज्वारीचा, शेणाचा, चुलीच्या धुराचा वास. पहिले दोन दिवस मला कशाचाच वास येत नसे. मग एकेक यायला लागे. आईच्या पदराचा आला की समजायचं, नाक धुतलं गेलं, आता परत निघायला हरकत नाही. आई शेवटची आजारी होती तेव्हा मी तिच्याजवळ होते, तेही एका डेगीमुळं.

अम्मांची कुप्पी अब्बांनी भरून दिली. चंदनाचं तेल पुन्हा मिळायला लागल्यावर प्रत्येक खेपेतलं थोडं थोडं ते कुप्पीत ओतत आणि अम्मा "कशाला, कशाला" म्हणत बूच धरून उभ्या राहत. अम्मा गेल्या तेव्हा कुप्पी भरलेली होती. मी माझ्या हातानं लावलं.

आता भट्टी नाही. मुलं दुसऱ्या कामांना लागली, फुलाफळांचे वास कारखान्यात बनायला लागले, आणि डेग परसात तुळशीच्या रोपांनी भरलेली आहे, सब्जा म्हणतो आम्ही त्या तुळशीला. हळहळ वाटते, पण ती मोडीत गेली नाही, यात सगळं आलं. हे जाऊन काही वर्षं झाली. त्यांनी शेवटपर्यंत तेच कोरडं अत्तर लावलं. स्वतःला वास येत नाही म्हणून कधी तक्रार केली नाही.

तर नातवाच्या शर्टाचा निकाल. लाकूड खरं आहे. मसाला बेतानं आहे. दुपारी घामात आंबलेला नाही. चांगला आहे, लाव. पण खरा निकाल देणारी अजून घरात यायची आहे, तोवर शर्ट धुण्याला टाक.

माझ्या ट्रंकेत ह्यांचा एक कुडता आहे. शेवटचा घातलेला. तो मी धुतलेला नाही. घरात राहून रोज ट्रंक उघडली तर मला काही येत नाही, माझं नाक सरावलेलं आहे. म्हणून मी अजूनही सास्तूरला जाते. आई नाही, वडील नाहीत, भावाच्या सुना विचारतात, "आत्या, कशी काय वाट वाकडी केली?" मी म्हणते, नाक धुवायला. ज्वारीत, शेणात, धुरात राहते. चुलीचा धूर ओळखू यायला लागला की एसटीत बसते, घरी येते, हातपाय न धुता थेट ट्रंकेशी जाते आणि झाकण उघडते.

आधी लाकूड येतं. मग हे येतात.